प्रश्न विचारण्याची विद्या

जन्माच्या दाखल्यापासून पीककर्जापर्यंत आपण आयुष्यभर फॉर्म भरीत असतो. शिधापत्रिका, शाळाप्रवेश, पीकविमा, वीजजोडणी, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आधी प्रश्न ठरविलेले असतात आणि आपण फक्त रिकाम्या जागा भरावयाच्या असतात. आमच्या शिक्षकबंधूंची अवस्था तर विचारूच नका. २०१५ साली ‘सरल’ ही प्रणाली आली, तेव्हापासून शाळेतील प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर चढविता चढविता त्यांची बोटे झिजली. पण फॉर्म भरणे आणि फॉर्म तयार करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सक्तीने येते, दुसरी शिकवावी लागते. ती शाळा-महाविद्यालयांतून कशी शिकवावी, हा आजचा विषय.

साधनाचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. २००८ पासून गुगल फॉर्म्स उपलब्ध आहे, त्याच्यासारखी इतरही साधने आहेत, आणि त्यांना पैसे पडत नाहीत. प्रश्न लिहावा, उत्तराचा प्रकार निवडावा, दुवा पाठवावा. उत्तरे आपोआप एका तक्त्यात जमतात; प्रत्येक प्रश्नाचा एक उभा स्तंभ, प्रत्येक उत्तरदात्याची एक आडवी ओळ. नववीचा चलाख मुलगा एवढे अर्ध्या तासात शिकतो. क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात आणणाऱ्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शिक्षकांना, रणजितसिंह डिसले यांना, २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यात कळ कोठे दाबावी हे शिकविण्यासाठी व्याख्यान नको. खरी अडचण त्या अर्ध्या तासानंतर सुरू होते.

सोलापूरला हा विषय परका नाही. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने येथील कापड गिरण्यांतील कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची चौकशी करून तिचा अहवाल १९२८ साली प्रसिद्ध केला. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली आधी पुणे शहराची पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली निघाले. पुढे १९६५ साली गाडगीळांचे सोलापूर शहरावरील पुस्तक आले. त्या काळी संगणक नव्हता. छापील कागद घेऊन माणसे घरोघर जात. म्हणजे आज ज्याला आपण ‘सर्व्हे’ म्हणतो, ती वस्तू या शहराने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. फक्त कागद चाळींतून फिरत होता, आता खिशातल्या यंत्रातून फिरतो.

जमाखर्चाच्या चौकशीचे महत्त्व विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे, कारण प्रश्नाची किंमत त्यातून जितकी कळते तितकी दुसऱ्या कशातून कळत नाही. कामगाराच्या मिळकतीतील किती भाग ज्वारीवर जातो, किती कापडावर, किती भाड्यावर, किती सरपणावर, हे अशा चौकशीत विचारतात. त्यावरून प्रत्येक जिनसेचे वजन ठरते. मग महिन्याच्या महिन्याला बाजारभाव घेऊन, त्या वजनांनी गुणून, राहणीखर्चाचा निर्देशांक काढतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून महागाई भत्ता अशा निर्देशांकाशी जोडला जाऊ लागला. आता समजा, प्रश्नावलीत गोडेतेलाची रकान्याची ओळच राहिली. तेलाचे वजन शून्य झाले. बाजारात तेल दुप्पट महाग झाले तरी निर्देशांक जागचा हलणार नाही, आणि भत्ताही वाढणार नाही. घरोघरच्या फोडणीला चटका बसला तो कोणा दुष्टाने दिला नाही. कचेरीत बसून कागद आखणाऱ्याच्या विसरभोळेपणाने दिला. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी ज्या शहरांतून भाव गोळा करतात, त्यांत सोलापूर आजही आहे.

विद्यार्थ्यांना पहिला सराव पाण्याचा द्यावा असे माझे मत आहे. उजनीचे पाणी या शहराला किती अंतराने मिळते, हा घराघरात बोलला जाणारा विषय आहे. मुलांना सांगा, आपल्या गल्लीच्या पाण्याची पाहणी करा. वर्गातील निम्मी मुले पहिला प्रश्न असा लिहितील: ‘आपणांस पुरेसे पाणी मिळते काय?’ उत्तर: होय किंवा नाही. या उत्तरातून काहीही कळत नाही. ज्याच्या घरी मोठा हौद आहे तो होय म्हणेल, ज्याच्याकडे दोन बॅरल आहेत तो नाही म्हणेल. नळाला पाणी दोघांकडे एकाच वेळी आले असेल. काही उत्साही मुले लिहितील: ‘अनियमित पाणीपुरवठ्यामुळे आपणांस किती त्रास होतो?’ येथे उत्तर प्रश्नातच दडवून ठेवले आहे. वकील साक्षीदाराला शिकवितो तसा हा प्रकार. आणखी कोणी विचारील: ‘पाणी व गटारे यांबद्दल आपण समाधानी आहात काय?’ पाण्याबद्दल समाधानी आणि गटारांबद्दल संतप्त असलेल्या गृहस्थाने काय लिहावे?

हे सारे प्रश्न फळ्यावर लिहून मुलांकडूनच खोडून घ्यावेत. शेवटी जे उरतील ते साधे असतील. नळाला शेवटचे पाणी कोणत्या दिवशी आले? किती वाजता आले? किती वेळ टिकले? त्याआधी कधी आले होते? मत न विचारता घडलेली गोष्ट विचारावी, आणि ‘साधारणपणे’ न विचारता शेवटच्या वेळेची विचारावी, कारण माणसाला सरासरी आठवत नाही, परवाचा मंगळवार आठवतो. असे चाळीस घरांचे उत्तर एका तक्त्यात आले म्हणजे कोणत्या टोकाला पाणी कमी वेळ टिकते ते आपोआप दिसते.

आता यंत्राच्या कळा प्रश्नाशी जोडून शिकवाव्यात. एकच उत्तर निवडावयाचे असेल तेथे गोल, अनेक निवडता येतील तेथे चौकोन. पाणी साठविण्याच्या साधनांसाठी गोल दिला, तर हौद आणि बॅरल दोन्ही असलेल्याला खोटे बोलावे लागेल. वयाचे गट ‘२० ते ३०, ३० ते ४०’ असे लिहिले, तर तीस वर्षांचा माणूस दोन्हींकडे जातो. तारखेसाठी तारखेचाच प्रकार घ्यावा, नाही तर कोणी ‘सोमवार’ लिहील, कोणी ‘५ तारीख’, आणि बेरीज करणाराच्या डोळ्यांना पाणी येईल. प्रश्न ‘आवश्यक’ करण्याची एक खूण असते. मुलांना ती फार आवडते व ती सगळीकडे लावतात. परिणाम असा की ज्याला उत्तर ठाऊक नाही तो पुढे जाण्यासाठी काहीही दाबतो. आवश्यक थोडेच ठेवावे, आणि ‘सांगता येत नाही’ ही वाट मोकळी ठेवावी. घरी नळच नसेल, तर उत्तराप्रमाणे पुढचा विभाग बदलण्याची सोयही आहे. नळ नसलेल्यास नळाचे पाच प्रश्न विचारणे हा उद्धटपणा आहे.

पाण्यानंतर विडीकडे वळावे, आणि येथे थोडे थांबावे. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणावयाचे, विड्या वळून परत द्यावयाच्या, आणि मजुरी हजारी हिशेबाने. अशा घरी जाऊन मुलाने विचारले, ‘तुमचा व्यवसाय काय?’ तर सूप मांडीवर घेऊन बसलेली मावशी म्हणते, ‘काही नाही बाळा, घरीच असते.’ मुलगा ‘गृहिणी’ या गोलावर टिचकी मारतो. एक कामगार कागदावरून नाहीशी झाली. विडी कामगाराचे ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुल, सारे या एका नोंदीवर अवलंबून असते. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरे २००६ साली विडी कामगार स्त्रियांना मिळाली. ज्यांची नोंदच ‘गृहिणी’ अशी असती त्यांना ती कशी मिळाली असती? म्हणून विचारावे, ‘काल दिवसभरात काय काय केले?’ आणि नंतर, ‘काल किती विड्या झाल्या? हाताखाली कोण होते? गेल्या आठवड्यात किती दिवस पान मिळाले?’ मासिक उत्पन्न विचारूच नये. हजारी मजुरीवर जगणाऱ्या घराला महिन्याचा आकडा ठाऊक नसतो. तो आपण मागितला तर ते सौजन्याने एखादा बनवून देतात.

भाषेचेही तसेच. पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, कित्येक मोहल्ल्यांत दखनी उर्दू. मराठीत फॉर्म काढून त्याचा दुवा शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला की मराठी वाचणारे, स्मार्टफोन असलेले आणि फुरसत असलेले एवढेच उत्तर देतात. अशी पाहणी म्हणजे शहराची पाहणी नव्हे. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. परत आल्या सुमारे चोवीस लाख. त्यावरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पत्ते बव्हंशी टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि मंदीच्या त्या वर्षांत टेलिफोन व मोटार कोणाकडे होती हे सांगावयास नको. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारेही निराळे होते. चोवीस लाखांच्या आकड्याने ही खोट भरून निघाली नाही.

यावर उपाय जुनाच आहे. गल्लीतील घरांची यादी करावी, तीतून दर दहावे घर घ्यावे, आणि मुलाने फोन हातात घेऊन स्वतः दारात जावे. प्रश्न त्याने त्या घरच्या भाषेत विचारावा, उत्तर त्याने टिपावे. वर्गात तेलुगू व कन्नड बोलणारी मुले असतातच. एरवी मराठीच्या तासाला मागे बसणारी ही मुले या कामात एकाएकी पुढे येतात. प्रश्न एकाने तेलुगूत करावा, दुसऱ्याने तो न पाहता परत मराठीत आणावा, आणि मूळ प्रश्नाशी ताडून पाहावा. दार बंद असेल तर शेजारचे घर घेऊ नये, पुन्हा जावे. दिवसा कुलूप असलेले घर हे बहुधा कामावर गेलेल्यांचे असते.

एक गोष्ट शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावी. मुलांना नाव, जात, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक विचारण्याची हौस असते, कारण त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक फॉर्ममध्ये ते असते. पाण्याच्या पाहणीला जातीची गरज काय? प्रत्येक प्रश्नासमोर ‘या उत्तराचे आपण काय करणार?’ असे लिहावयास लावावे. जेथे उत्तर सुचत नाही तो प्रश्न काढावा. नाव गाळले म्हणजे माणूस लपला असेही नाही. चाळीस घरांच्या गल्लीत वय, भाषा आणि धंदा एवढ्यावरून कोण ते ओळखू येते. तक्ता कोणाकोणाला उघडता येतो, ईमेल पत्ता आपोआप नोंदला जातो काय, हे आधी तपासावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. तेव्हा मुलांनी मुलांचीच पाहणी करण्याचा सोपा मार्ग वाटतो तेवढा सोपा नाही.

फॉर्म पूर्ण झाला तरी लगेच बाहेर काढू नये. पाच घरी चाचणी घ्यावी. कोणत्या प्रश्नावर माणूस अडखळला, कोठे ‘म्हणजे काय?’ असे विचारले, ते लिहून आणावे. पाचांपैकी दोघे अडले तर चूक त्यांची नव्हे, प्रश्न बदलावा. बदल उत्तरे येऊ लागण्यापूर्वीच करावा. निम्मी उत्तरे आल्यावर शब्द बदलले तर एकाच स्तंभात दोन प्रश्नांची उत्तरे बसतात, आणि यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही.

आणि पाहणी झाल्यावर निकाल त्या गल्लीत परत न्यावा. किती घरे गाठली, किती गाठता आली नाहीत, किती जणांनी ‘सांगता येत नाही’ म्हटले, हे आकडे आधी, टक्केवारी मागाहून. चाळीस घरांत टक्केवारीपेक्षा ‘चाळीसपैकी सतरा’ असे लिहिलेले बरे. कागद मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत लिहून नळकोंडाळ्याजवळ लावावा, म्हणजे ज्यांनी उत्तरे दिली त्यांना तो वाचता येईल आणि चुकले असेल तेथे मुलांना बोलावून सांगता येईल.