परड्यातल्या कोंबड्यांना हवा प्रथिनांचा घास

“कोंबयो खातत, पण अंडी काय घालनत नाय!” धामापूर-चौके भागात कोणत्याही परड्यात ही तक्रार ऐकू येते. शेतकरी बंधू-भगिनींनो, यात कोंबडीचा दोष थोडा आणि आपल्या सुपातल्या कणी-कोंड्याचा जास्त आहे. कणी-कोंड्याने पोट भरते, अंडे तयार होत नाही.

हिशोब साधा आहे. अंड्यावरच्या कोंबडीला रोज साधारण १५ ग्रॅम प्रथिने लागतात. किलोभर कणीत ती मिळतात जेमतेम ८० ग्रॅम. चरताना किडा-मुंगी मिळते खरी, पण परडे लहान नि कोंबड्या जास्त असल्या की ती पुरत नाही.

हल्ली बरेच जण अझोला लावा म्हणतात. जरूर लावा. झाडाच्या विरळ सावलीत दोन मीटर लांब-रुंद, वीतभर खोल खड्डा काढा. त्यात प्लॅस्टिक अंथरून चाळलेली माती, दोन किलो शेणाचा काला, थोडे सुपर फॉस्फेट आणि चार बोटे पाणी घाला. पंधरवड्यानंतर रोज अर्धा किलो अझोला निघतो. तो स्वच्छ धुऊन घाला. मात्र फसू नका. ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. अर्ध्या किलोतून प्रथिने मिळतात सात-आठ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या कोंबडीपुरती! हिरवा चारा म्हणून तो उत्तम, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

खरी ताकद आपल्या किनाऱ्यावर आणि घाणीवर आहे. सुक्या जवळ्यात जवळपास निम्मी प्रथिने असतात, खोबऱ्याच्या पेंडीत पाचवा हिस्सा. अर्धा किलो कणी, २०० ग्रॅम कोंडा, २०० ग्रॅम पेंड आणि १०० ग्रॅम कुटलेला जवळा एकत्र करा. या किलोभर मिश्रणात सुमारे १५० ग्रॅम प्रथिने होतात, म्हणजे नुसत्या कणीच्या जवळजवळ दुप्पट. खाण्याजोगा न राहिलेला जवळ्याचा चुरा चालेल, पण मिठाचा नको. खारवलेल्या मासळीने पिल्ले दगावतात. जवळा दहाव्या हिश्श्याच्या वर नेऊ नका, अंड्याला वास मारतो. बुरशी आलेली पेंड फेकून द्या, आपल्या दमट हवेत ती लवकर बुरसते. सोबत कालवांच्या शिंपल्या भाजून, कुटून ठेवा. त्याने अंड्याचे कवच घट्ट होते.

पिल्लांची गरज याहून मोठी. पहिले आठ आठवडे त्यांच्या खाद्यात २० टक्के प्रथिने हवीत. त्यांच्यासाठी जुनी युक्ती आहे वाळवीची. मडक्यात ओले गवत, सुके शेण, जुना पुठ्ठा भरून ते वाळवी असलेल्या जागी उपडे ठेवा. सकाळी उचलून पिल्लांपुढे झटका. मात्र आंबा-काजूच्या कलमांना वाळवीचे औषध घातले असेल तर तिथली वाळवी चुकूनही घेऊ नका.

धामापूरकरांना एक खास विनंती. अझोल्याच्या खड्ड्याचे पाणी वहाळात सोडू नका. आपला तलाव इ. स. १५३० चा मानतात. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. अझोला त्यात शिरला तर हिरवी चादर पसरेल, खालचे पाणी कोंदटेल. जास्तीचा अझोला शेणखताच्या खड्ड्यात टाका.

ग्रामसेवक आणि पशुधन खात्याच्या मंडळींनीही ध्यानात घ्यावे. पिल्ले वाटून योजना संपत नाही. वाटपाच्या दिवशीच मिश्रण कसे करायचे ते दाखवा, राणीखेतच्या लसीची तारीख सांगा. अधिक माहितीसाठी किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे.

मोकळ्या चरणाऱ्या दहा कोंबड्यांना संध्याकाळी अर्धा किलो मिश्रण घालून बघा. महिनाभर अंडी मोजून भिंतीवर खुणा करा. त्या खुणा बघून पुढचे तुम्हीच ठरवा.