चढ मोटारीचा, उतार आपला

आमच्या पिढीच्या पुणेकराला सायकलीतले काही शिकवायला जाऊ नये. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळात मी कॉलेजात होतो. डबल सीट जाताना पोलिसाचा डोळा चुकवला आहे, दिव्यावाचून पकडले गेल्यावर दंडही भरला आहे, आणि सिंहगडाच्या घाटात अर्धी वाट सायकल चालवीत व अर्धी वाट ढकलीत गडही गाठला आहे. म्हणून म्युनिकला राहणारी माझी मुलगी जेव्हा फोनवर म्हणाली, "बाबा, या खेपेला तुम्हांला विजेच्या सायकलीवरून डोंगरावर नेणार आहे," तेव्हा मी ताडकन सांगितले, "अगं, पायडल असून मोटारही असते, तिला आमच्यात लूना म्हणत!"

खरे सांगायचे तर मला धास्ती होती गुडघ्यांची. वय चौसष्ट. सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण 'चढावर जोर लावू नका' अशी ताकीद होती. आणि मुलीची हौस अशी, की गेल्या वीस वर्षांत आम्ही दोघे बरोबर सायकलीवर गेलो नाही, ते एकदा जावे. ती आपल्या साध्या सायकलीवर डोंगर चढते; तिच्या मागे मी कुठवर रखडणार? दोन वयांमधले हे अंतर मोटार भरून काढील, असा तिचा हिशेब. तो बरोबर निघाला की चुकला, हेच आज सांगायचे आहे. कारण हल्ली आपल्याकडेही विजेच्या सायकली दिसू लागल्या आहेत, आणि परदेशातली मुले 'बाबा, तुम्हांला एक घेऊन देऊ का?' असे विचारू लागली आहेत.

2024 च्या सप्टेंबरात आम्ही गेलो. म्युनिकच्या दक्षिणेला आगगाडीने तासाभरावर टेगर्नझे नावाचे तळे आहे. तळे समुद्रसपाटीपासून सव्वासातशे मीटरवर, आणि शेजारच्या नॉयरॉइट डोंगरावरचे उपाहारगृह साडेबाराशे मीटरच्या थोडे वर. म्हणजे चढ सव्वापाचशे मीटरच्या वरचाच. सौभाग्यवती तळ्याकाठच्या बाकावर विणकाम घेऊन बसल्या आणि आम्ही बापलेक सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानात शिरलो.

दुकानदाराने पुढे केलेली वस्तू पाहून ही सायकल आहे, असे प्रथमदर्शनी वाटेना. अडीच इंची टायर, आणि खालची नळी आमच्या वेळच्या सायकलीच्या चौपट जाड, कारण बॅटरी तिच्या पोटात. मोटार पायडलच्या आसाशी. पुढच्या चिमट्यात शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, आणि मागचे चाक सांध्यांवर खालीवर होणारे, त्यालाही वेगळा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर. दोन्हींकडे अशी सोय असली की तिला फुल सस्पेन्शन म्हणतात. दुकानदाराने माझे वजन विचारले आणि एका छोट्या पंपाने त्या दोन्हींत बेताची हवा भरली. बसणाऱ्याच्या वजनाने ते साधारण पाव हिस्सा दबले पाहिजेत. फार कडक असले तर दगड हाडांना कळतो, फार नरम असले तर सायकल डुलत राहते.

मी सायकल उचलून पाहिली. चोवीस किलो! साधी फुल सस्पेन्शनची सायकल पंधराच्या आसपास भरते. हिला उचलताना मला आमच्या जुन्या दूधवाल्याच्या सायकलीची आठवण झाली.

पण पहिल्या चढावर ते सारे वजन कुठे गेले कोण जाणे! येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही मोटार आपल्याला बसवून नेत नाही. पाय थांबले की तीही थांबते. आपण पायडलवर किती जोर देतो हे ती मोजते आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट आपला जोर घालते. साधा प्रकृतीचा माणूस तासभर टिकेल असा जोर शंभर वॉटच्या आसपास लावतो. युरोपातल्या कायद्याप्रमाणे या मोटारीची नेमलेली शक्ती 250 वॉट. वेग ताशी 25 किलोमीटर झाला की मदत बंद. म्हणजे घाम आपला येतो, पण माफक येतो. गुडघ्याने एकदाही तक्रार केली नाही.

एका वळणावर रस्ता खडा झाला आणि वाटेत सुट्या दगडांची रास होती. असल्या जागी आमची जुनी सायकल मागच्या चाकावर घसरायची आणि आम्ही खाली उतरायचो. येथे मागचे चाक दगडावर चढे, उतरे, पण जमीन सोडीना. मागच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचा खरा गुण हा. बसणाऱ्याला गादी मिळते ती गोष्ट दुय्यम. चाक जमिनीला धरून राहते ही मुख्य.

आणि मुलीशी बोलता येत होते, याचे मोल मी कशात करू? चढावर कोणी बोलते का? ती धापा टाकीत होती आणि मीच तिला तिच्या कचेरीची, घराच्या कर्जाची हकिकत विचारीत होतो. दोन वळणांवर तर मी पुढे जाऊन तिच्यासाठी थांबलो! वर पोहोचलो तेव्हा खाली तळे निळ्या पाटीसारखे पसरले होते. उपाहारगृहात चक्क ताक मिळाले. सिंहगडावरच्या मडक्यातल्या दह्याची आठवण काढीत आम्ही दोन-दोन पेले रिचवले. बॅटरीवर पाहिले तर निम्म्याहून अधिक वीज शिल्लक. मला वाटले, म्हातारपण रद्द झाले.

ते उतारावर परत आले.

उतारावर मोटार काही करीत नाही. तेथे फक्त मी, माझे बहात्तर किलो आणि तिचे चोवीस. त्यातून हे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर असे लबाड, की खडखडाट म्हणून जाणवूच देत नाहीत. जुन्या सायकलीवर वेग वाढला की मडगार्ड वाजे, हँडल थरथरे, दात कडकडत; सायकलच सांगे, 'बुवा, आवर!' ही पालखीसारखी निमूट चालली होती आणि मी तिशीच्या पुढे गेलो आहे, हे मला वळण समोर आल्यावर कळले. वळणात ओली खडी. मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. हे ब्रेक आमच्या रबरी गुटक्यांचे नव्हेत. चकतीचे, तेलाच्या दाबाने चालणारे, बोटाच्या स्पर्शाने धरणारे. पुढचे चाक बाजूला सरकले आणि मी कडेच्या गवतात.

कोपर आणि मांडी सोलवटली, यापलीकडे काही झाले नाही. पण कडा त्या गवतापासून तीन-चार हातांवर होता. मागून मुलगी आली. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबा, चूक माझी आहे. चढायचे कसे, हे मी पाहिले. उतरायचे कसे, हे तुम्हांला शिकवलेच नाही."

तेथेच तिने मला शिकवले. दोन्ही पायडल सारख्या उंचीवर ठेवून सीटवरून थोडे उठायचे, अंग मागे न्यायचे, दोन्ही ब्रेक हलके-हलके आणि वळणाच्या आधीच धरायचे, आणि चाकाकडे न पाहता जिकडे जायचे तिकडे पाहायचे. "आता तुम्ही पुढे, हळूहळू. मी मागे आहे," ती म्हणाली. शाळेच्या मैदानावर तिला सायकल शिकवताना मीही मागून हेच म्हणत असे. सर्वांत खड्या तुकड्यात आम्ही उतरून चालत गेलो. मला त्याची लाज वाटली नाही.

आता वाचकांसाठी व्यवहाराचा हिशेब. जमेच्या बाजूला: चढ परवडतो, कमीअधिक ताकदीच्या माणसांना बरोबर जाता येते, वाईट वाटेवर चाक सुटत नाही, आणि 625 वॉट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला पाऊण युनिटच्या आसपास वीज पुरते.

खर्चाच्या बाजूला पहिली गोष्ट किंमत. बऱ्यापैकी सायकल तिकडे पाच-सहा हजार युरोंना, म्हणजे रुपयांत पाच-सहा लाखांना पडते. नंतर देखभाल. मागच्या सांध्यांत बेअरिंगे, शॉक-अ‍ॅब्सॉर्बरांत तेल व सील. ठरावीक तासांनंतर ती उघडून साफ करावी लागतात. मोटारीच्या जोराने चेन व दातेरी चक्रे लवकर झिजतात. बॅटरी वर्षांगणिक क्षीण होते आणि नवी घ्यायची तर शेकडो युरो. बिघाड झाला तर कोपऱ्यावरचा सायकलवाला काही करू शकत नाही. मोटारीला संगणक जोडून विचारावे लागते. वाटेत वीज संपली, तर चोवीस किलो आपल्या पायांनी ओढायचे. विमानातून भेट म्हणून आणण्याचा बेत कोणी करू नये: प्रवासी विमानात सायकलीच्या एवढ्या मोठ्या बॅटरीला मज्जाव आहे.

कायद्याची अडचण आपल्याकडे फारशी नाही. मोटार 250 वॉटच्या आतली असेल आणि 25 किलोमीटरला मदत थांबत असेल, तर तिला मोटार वाहन धरीत नाहीत. नोंदणी नको, परवाना नको. पण शहरात भाजी आणायला दोन्हीकडच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरांचे काम काय? आमच्या रस्त्यांवरचे खड्डे पाहता काम आहे, असे जावईबापू म्हणतात. पण तिसऱ्या मजल्यावर ती उचलून नेणार कोण, हे ते सांगत नाहीत.

मुलीने विचारलेच, "बाबा, तिकडे एक घेऊन देऊ?" मी नको म्हटले. ज्याला डोंगराची वाट रोजची आहे, दुरुस्तीची सोय जवळ आहे आणि उतरण्याची विद्या येते, त्याने ती जरूर घ्यावी. मला वर्षातून एक दिवस हवा. तो भाड्याने मिळतो. मात्र ज्या चढावर आपली ताकद आपल्याला अडवीत होती, तेथे आता काही अडवीत नाही, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पूर्वी जो वर पोहोचे, तो तितका तयार झालेलाच असे. आता तयारी नसलेला माणूसही माथ्यावर पोहोचतो, आणि खाली उतरावे तर लागतेच.

पुण्याला परतल्यापासून मी जुनी सायकल काढली आहे. रोज सकाळी टेकडीच्या पायथ्याशी अर्धा तास फक्त ब्रेक धरायचा सराव करतो. फिरायला येणारी मंडळी पाहतात आणि हसतात. परवा सौभाग्यवतीही उभ्या राहून पाहत होत्या. मला वाटले, आता बोलणी बसणार.

त्या म्हणाल्या, "अहो, मोटारच चढवते ना? मग पुढच्या वेळी मला तळ्याकाठी कशाला बसवता? उद्यापासून मलाही ते ब्रेकचे दाखवा."