आडनावाचा प्रवास : ‘एचेवेरिया’

‘एचेवेरिया’ हे स्पेनमधील परिचित आडनाव असले, तरी व्युत्पत्तीने ते स्पॅनिश नसून बास्क आहे. उत्तर स्पेन व नैर्ऋत्य फ्रान्स येथील बास्क भाषा इंडो-युरोपीय कुळात मोडत नाही. तिच्यात ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवे आणि अंत्य ‘आ’ हा निश्चयदर्शक प्रत्यय होय. बास्क समाजात माणूस घराच्या नावाने ओळखला जाई. ‘नवे घर’ अनेक गावांत असल्याने हे आडनावही अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झाले.

स्थलांतरितांबरोबर ते लॅटिन अमेरिकेत पोहोचले. अर्जेंटिनाचे कवी एस्तेबान एचेवेरिया (१८०५–१८५१) आणि मेक्सिकोचे अध्यक्ष लुईस एचेवेरिया (कार्यकाळ १९७०–७६) ही त्याची उदाहरणे. ‘चावारिया’ हे त्याचेच एक बदललेले रूप होय.

याच ‘एचे बेरी’पासून नावारे प्रांतातील ‘हाविएर’ हे स्थलनाम सिद्ध झाले. तेथे १५०६ मध्ये जन्मलेले संत फ्रान्सिस १५४२ मध्ये गोव्यात आले आणि पोर्तुगीज उच्चारातील ‘शाव्हिएर’ येथे रुजले. ते रुजले श्रद्धेमुळे, वंशामुळे नव्हे. फिलिपिन्समध्ये तर १८४९ च्या सरकारी आदेशान्वये असंख्य कुटुंबांना यादीतून आडनावे देण्यात आली.

तात्पर्य, आडनाव शब्दाचा इतिहास सांगते. धारकाचा वंश त्यावरून गृहीत धरता येत नाही.

आपली प्रगती तपासा : ‘एचेवेरिया’ व ‘शाव्हिएर’ यांचे मूळ एक असूनही त्यांवरून रक्तसंबंध का ठरवता येत नाही?