दुसऱ्या गोळीचं टेन्शन

संध्याकाळचे सात. क्लायंट मीटिंग दहा मिनिटांवर आणि ऑफिसचा प्रिंटर म्हणतोय, 'पेपर जॅम'. तुम्ही झाकण उघडता. एक कागद अर्धवट आत गेलाय आणि मागून आलेला दुसरा त्याला धडकलाय. दोन शिव्या हासडून तुम्ही खालच्या मजल्यावरच्या प्रिंटरकडे पळता. फार तर बॉसची बोलणी खावी लागतात.

आता लोकेशन बदला. टांझानियाचं उंच गवत. समोर जखमी रानरेडा, वजन सात-आठशे किलो, अंतर तीस पावलं आणि साहेब तुमच्याच दिशेने सुटलेत. पहिली गोळी झाडून झालीय. तुम्ही बोल्ट मागे ओढता, पुढे ढकलता, आणि आत दोन काडतुसं एकमेकांत अडकतात. इथे खालचा मजला नाहीये, बॉस!

आधीच सांगून टाकते, शिकारीचं मला जराही कौतुक नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हा शौक बंद होत गेला, ते उत्तमच झालं. पण शाळेच्या लायब्ररीत जिम कॉर्बेट वाचून रात्री झोप उडालेल्यांपैकी मीही एक. नरभक्षक वाघ समोर असताना याची रायफल अडकली असती तर? हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. त्याचं उत्तर शोधायला गेले आणि निघाली भलतीच इंटरेस्टिंग गोष्ट.

बोल्टच्या रायफलमध्ये काडतुसं खालच्या मॅगझीनमध्ये असतात. स्प्रिंग त्यांना वर दाबत असते. बोल्ट पुढे सरकला की वरचं काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत जातं. गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. सोप्पं आहे ना? पण काडतुसाला नेमकं कधी धरायचं, यावरून दोन घराणी आहेत.

पहिल्या घराण्यातला बोल्ट काडतुसाला नुसता ढकलतो. त्याची कड पकडतो ती अगदी शेवटी, पूर्ण पुढे गेल्यावर. मध्येच तुमचा हात थबकला आणि घाबरून तुम्ही बोल्ट परत मागे घेतला, तर ते काडतूस तिथेच पुढे पडून राहतं. मग मागून दुसरं येतं. झाला पेपर जॅम.

दुसरं घराणं जर्मनीच्या पॉल मॉझरचं. त्याच्या १८९८च्या रायफलमध्ये बोल्टच्या कडेला लांबलचक पोलादी नखी आहे. काडतूस मॅगझीनमधून वर येतानाच त्याची कड या नखीखाली सरकते आणि पुंगळी बाहेर पडेपर्यंत सुटत नाही. अर्ध्यात मागे आलात? काडतूसही गुपचूप मागे येतं. ही रायफल होती सैनिकांसाठी, म्हणजे चिखलाने बरबटलेल्या, थकलेल्या, घाबरलेल्या हातांसाठी. हत्ती-रेड्यांच्या मागे फिरणाऱ्यांनी ती उचलली यात नवल नाही.

अर्थात नखीचेही नखरे आहेत. काडतूस मॅगझीनमधूनच आलं पाहिजे. घाईत सरळ नळीत टाकलंत तर मूळ मॉझरचा बोल्ट बंद व्हायला कुरकुरतो. शिवाय मॅगझीनचा डबा त्या-त्या काडतुसाच्या मापाचा हवा. लंडनच्या रिग्बी कंपनीने १९११मध्ये .४१६चं जाडजूड काडतूस काढलं, तेव्हा त्यासाठी मोठ्या आकाराची मॉझर वापरावी लागली. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेलं .३७५ एच अँड एच मात्र गाजरासारखं निमुळतं. म्हणून ते कसंही आलं तरी सुळकन आत जातं. चपट्या नाकाच्या गोळ्या तोंडाशीच अडखळू शकतात. त्यात मोठ्या रायफलचा धक्का इतका जबरी की मॅगझीनमधल्या उरलेल्या गोळ्यांची नाकं पुढच्या भिंतीवर आपटतात. त्यामुळे जाणकार मंडळी जंगलात नेणार त्याच गोळ्यांनी, पूर्ण भरलेलं मॅगझीन आधी रिकामं करून बघतात. एकदा नाही, अनेकदा!

आणि सगळं नीट असूनही घोटाळा होतोच. कारण माणूस. धसक्यात बोल्ट पूर्ण मागे ओढलाच जात नाही. मग पुंगळी आतच राहते किंवा नवीन काडतूस उचललंच जात नाही. इथे मॉझरचाही नाइलाज. त्यावर उपाय एकच, रायफल खांद्यावरून न काढता, खोट्या काडतुसांवर, हात दुखेपर्यंत सराव.

कॉस्ट कटिंगचा किस्सा तर आपल्या ऑफिसातलाच वाटेल. अमेरिकेच्या विंचेस्टरची १९३६ची 'मॉडेल ७०' ही नखीवाली. १९६४मध्ये खर्च वाचवायला कंपनीने नखी काढून टाकली. शिकारी जाम भडकले. चौसष्टच्या आधीच्या जुन्या रायफली आजही भाव खातात. शेवटी नव्वदच्या दशकात कंपनीने नखी परत आणली.

तर कॉर्बेट. १९०७मध्ये चंपावतची वाघीण मारल्याबद्दल त्याला .२७५ रिग्बी भेट मिळाली. हलकीफुलकी आणि आत मॉझरचाच बोल्ट. (ही रायफल २०१५मध्ये रिग्बीकडे परत गेली.) माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून मी खूश होते. मग चौगढच्या वाघिणीची गोष्ट पुन्हा वाचली.

साल १९३०. कॉर्बेटला वाटेत रातव्याची दोन अंडी सापडली. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्याला नाद. ती डाव्या हातात, उजव्या हातात हलकी रायफल. एका दरडीला वळसा घालून मागे पाहिलं तर जेमतेम आठ फुटांवर वाघीण. त्याने एका हाताने रायफल इंचाइंचाने फिरवली आणि चाप ओढला. बोल्ट ओढायला दुसरा हात मोकळा नव्हताच. नखी असो वा नसो, त्या दिवशी दुसरी गोळी नव्हती.

अंडी फुटली नाहीत. ती त्याने परत जागेवर नेऊन ठेवली.