बेडकांचा वसंत

वसंत म्हटला की आपल्याला आम्रमंजिरी आणि कोकिळाची कुहू आठवते. इंग्लंडातील खेडुताला मात्र वसंताची चाहूल बेडूक देतो, असे सांगितले तर हसू येईल. पण ते खरे आहे.

तेथे हिवाळाभर बेडूक चिखलात, दगडाखाली वा पालापाचोळ्यात निपचित पडून असतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एखादी उबदार, पावसाळी रात्र आली की ते तळ्याकडे निघतात. उथळ पाण्यात शिजलेल्या साबुदाण्यासारखा बुळबुळीत पुंजका दिसला आणि त्याच्या दाण्यादाण्यात काळा ठिपका असला, तर ती बेडकाची अंडी समजावीत. पाणवनस्पतींभोवती मण्यांच्या माळेसारखी गुंडाळलेली अंडी असतील, तर ती भेकाची. भेक जरा मागाहून येतो.

नॉरफोकमधील रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून पहिले फूल, बेडकाचे पहिले डराव, पहिला भिंगरी पक्षी अशा खुणांची तारीखवार नोंद ठेवली. मधला काही खंड वगळता त्याच्या वंशजांनी ती १९५८ पर्यंत चालविली.

आपल्याकडे फाल्गुनात पळस-पांगारा फुलतो, तरी बेडूक मौनच पाळतो. याचे कारण सोपे आहे. बेडकाच्या अंड्याला कवच नसते आणि त्याच्या कातडीला ओलावा हवा असतो. इंग्लंडात अडसर थंडीचा, तर आपल्याकडे कोरडेपणाचा. म्हणून आपल्या बेडकांचा वसंत मृगात येतो! त्याआधी पावशा 'पेरते व्हा' सांगून जातो, सह्याद्रीत काजवे लखलखतात, समुद्रापलीकडून चातक येतो. मग पहिल्या दमदार सरीनंतर मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून डबक्याकाठी मैफल भरवितात.

'पूर्वी या आवाजाने झोप लागत नसे, आता तो कमी झाला,' असे वडीलधारी माणसे म्हणतात. ते खरे असेलही; पण सिद्ध कसे करणार? मार्शमची वही हाती असल्याने तिकडचे शास्त्रज्ञ वसंत किती अलीकडे सरकला ते मोजू शकतात. आपल्यापाशी आठवण आहे, पुरावा नाही. पिकांवरील किडी खाणाऱ्या या मित्राच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, हे योग्यच झाले. पण बुजविलेल्या डबक्याची आणि लिंपलेल्या विहिरीची दाद कोण घेणार?

यासाठी प्रयोगशाळा नको. एक वही, कान आणि थोडी चिकाटी पुरे. येत्या मृगात पहिले डराव ऐकाल, तेव्हा तारीख, वेळ, ठिकाण आणि पाऊस एवढे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. आपल्यानंतर या वर्गात बसणाऱ्यांना ती वही उपयोगी पडेल.