अरण्यातील मळा आणि त्याची माउली

एकादशीस आपल्या घरी साबुदाण्याची खिचडी होते. हा साबुदाणा ज्या कंदापासून करतात, त्या कसाव्याचे माहेर दक्षिण अमेरिका होय. त्या खंडातील एक्वादोर देशाच्या पूर्वेस, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील नापो प्रांतात, किच्वा जमातीच्या स्त्रिया आजही हा कंद लावतात. त्यांच्या मळ्यास ‘चाक्रा’ असे नाव आहे.

दुरून पाहणाऱ्यास चाक्रा हे अरण्यच वाटते. वर उंच वृक्ष. त्यांच्या सावलीत कोको व केळी. खाली कसावा, शेंगा आणि औषधी वनस्पती. ज्याची पाने उकळून किच्वा कुटुंबे पहाटे पितात, ते ग्वायुसाचे झाडही तेथेच असते.

अशी दाटी कशासाठी, असे कोणी विचारील. वर्षावन हिरवेगार दिसले, तरी तेथील बहुतेक जमीन निकृष्ट असते. सततच्या पावसाने तिच्यातील क्षार वाहून जातात. अरण्याचे खरे धन झाडांत आणि खाली पडणाऱ्या पालापाचोळ्यात साठलेले असते. सर्व झाडे तोडून एकच पीक घेतले, तर थोड्याच वर्षांत भूमी थकते. चाक्रामध्ये मात्र पाचोळा कुजून पुन्हा खत होतो, मुळे माती धरून ठेवतात आणि शेंगावर्गीय वृक्ष जमिनीस नत्र पुरवितात. भूमीकडून घ्यावे आणि तिला परतही द्यावे, हेच या शेतीचे सूत्र होय.

या मळ्याची सूत्रे प्रामुख्याने स्त्रीच्या हाती असतात. तिला ‘चाक्रामामा’ म्हणतात. आपल्याला या शब्दाचे हसू येईल. पण किच्वा भाषेत ‘मामा’ म्हणजे आई! कसाव्याचा कोणता वाण कोठे लावावा, कोणते पान कोणत्या विकारावर द्यावे, हे ज्ञान माता कन्येस शिकविते. कसाव्याच्या खोडाचे तुकडे लावून रोप होते. म्हणून शेजारणीस दिलेली एक जुडी म्हणजे एका वाणाचे रक्षणच होय.

परंतु आज या विद्येवर संकट आहे. बाजारात पैसा मिळतो तो विशेषतः कोकोला. केवळ त्याच्याच लोभाने इतर झाडे काढली, तर घरचे अन्न जाते आणि भाव उतरला की कुटुंब उघडे पडते. शिवाय सोन्यासाठी होणाऱ्या खाणकामाने त्या प्रांतातील नद्यांचे काठ उद्ध्वस्त होत आहेत.

यावर उपाय सहकाराचा. तेना शहराच्या परिसरातील किच्वा कुटुंबांची ‘काल्यारी’ ही संस्था सभासदांचा कोको एकत्र विकते व त्यापासून चॉकलेटही तयार करते. मालास रास्त मोल मिळाले, की मिश्र मळा मोडण्याचा मोह कमी होतो. आणि मळा टिकला, की त्याच्या स्वामिनीचा शब्दही घरात व गावात टिकतो. 2023 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने चाक्रा पद्धतीस जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाचा मान दिला.

मान मिळाला, तरी मळा राखण्याचे काम रोजचेच आहे. विद्यार्थिमित्रहो, आपल्या आजीच्या परसातील आळू, शेवगा आणि तुळस यांमागेही असेच अलिखित शास्त्र आहे. ते तिला एकदा विचारून तर पाहा!