लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि न खपलेला नांगर

स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला यंत्रकारखानदार म्हटला की महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सहज ओठांवर येते. त्यांच्या यशाची कथा बहुतेकांस ठाऊक असते. मला आज त्यांच्या न खपलेल्या मालाविषयी बोलावयाचे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथला. वडिलांची नाराजी पत्करून ते १८८५ मध्ये चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण दोनेक वर्षांत असे आढळून आले की काही रंग त्यांच्या डोळ्यांस नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराची दैवाने याहून क्रूर थट्टा ती कोणती करावी! रंग गेले, रेषा तेवढी उरली. यंत्रांच्या आकृती काढण्यात हात बसला होता, त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. जोडीला सायकलींचा व्यापार होताच. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या. वडील बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावास विकाव्या, आणि वर गिऱ्हाइकास बसावयासही शिकवावे! पुढे हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावी परतले.

तेथे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. आपला जुना लाकडी नांगर जमीन चिरीत जातो, उलथीत नाही. दोन तासांमध्ये न फुटलेली माती राहते, आणि हराळी-कुंद्यासारख्या तणांची मुळे खाली सुरक्षित असतात. लोखंडी नांगराचा फाळ मातीचा थर आडवा कापतो आणि मागचा वळणदार पत्रा तो थर पालथा घालतो. मुळे वर येतात, उन्हाळ्यात वाळून मरतात. फायदा उघड होता. तरी पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

या समजुतीस हसणे सोपे आहे. परंतु लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर नीट करून देई. ओतीव लोखंडाचा तुकडा तुटला तर ऐन पेरणीच्या तोंडावर कोणाकडे धावावयाचे? शंका विषाच्या नावाने बोलली जात होती; तिच्यामागे व्यवहारही असावा असे मला वाटते. अशा गिऱ्हाइकास केवळ जाहिरातीने जिंकता येत नाही. नांगर त्याच्या शेतात, त्याच्या डोळ्यांदेखत चालावा लागतो.

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेमुळे कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी या वेळी पुढे आले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर जमीनही मिळवून दिली. निवडुंगाने भरलेला, नागांचा सुळसुळाट असलेला तो माळ! १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. पहिल्या महायुद्धात दगडी कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा भट्टी लाकडी कोळशावर चालविली. १९२० मध्ये कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक तेथूनच निघू लागले.

लक्ष्मणरावांस ‘स्वयंसिद्ध’ म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. दुकान सांभाळणारा भाऊ नसता, उधार देणारा संस्थानिक नसता, तर ती दोन वर्षे आणि तो माळ त्यांस कितपत झेपले असते? त्यांचे स्वतःचे असे जे होते, ते नांगर खपेपर्यंत थांबण्याचे बळ. १९५६ साली ते वारले, तोवर त्यांच्या घराण्याचे कारखाने तेलाची इंजिने आणि विजेची यंत्रे करू लागले होते. कुंडल रोड स्थानकाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.